राष्ट्रसंघाच्या जन्माचे कागद जिनिव्हात का सापडत नाहीत

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्हाला ‘राष्ट्रसंघाची स्थापना आणि हिंदुस्थान’ हा विषय मिळाला आहे. राष्ट्रसंघ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर उभी राहिलेली लीग ऑफ नेशन्स, आजचा संयुक्त राष्ट्रसंघ नव्हे. मूळ कागदपत्रं वापरलीच पाहिजेत, अशी मार्गदर्शकांची अट आहे. राष्ट्रसंघाचं जिनिव्हातलं दप्तर आता इंटरनेटवर खुलं आहे हे कळल्यावर तुम्ही तीन आठवडे त्यात घालवलेत. फाइली शेकडो उघडल्यात, पण स्थापनेबद्दल हाती जवळजवळ काही लागलं नाही. म्हणून विचारताय, की शोधताना माझं नेमकं काय चुकतंय?

तुमचं शोधणं चुकलेलं नाही, जागा चुकली आहे. बाळाच्या जन्माची हकीकत बाळाच्या कपाटात कशी सापडेल? ती आईबापांकडे असते, सुईणीकडे असते, बाळंतपणाला आलेल्या माणसांच्या पत्रांत असते. राष्ट्रसंघाचंही तसंच आहे. त्याची सनद, म्हणजे कव्हेनंट, लिहिली जात होती तेव्हा राष्ट्रसंघाला स्वतःचं कार्यालय नव्हतं, कारकून नव्हते, आवक-जावकीची वही नव्हती. मग कागद ठेवणार कोण? ठेवले ते महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेसाठी पॅरिसला जमलेल्या शिष्टमंडळांनी, आणि ते आपापल्या देशांत घेऊन गेले.

गेली अठ्ठावीस वर्षं मी जुन्या कागदांत काम करतो आहे. सुरुवात पुण्यात मोडी रुमालांपासून, म्हणजे कापडात बांधलेल्या मोडी कागदांच्या गठ्ठ्यांपासून झाली, पुढे राजनैतिक पत्रव्यवहाराकडे वळलो. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसली. आपण विषय घेऊन दप्तरात शिरतो, पण दप्तर विषयावर लावलेलंच नसतं. कागद कुणाच्या कचेरीत तयार झाला, तिथे कुणाच्या टेबलावरून फिरला, त्या क्रमाने ते लागलेलं असतं. ‘अमुक प्रकरणाचे कागद कुठे आहेत’ असं विचारलं की दप्तर गप्प बसतं. ‘हे काम कुणाच्या अखत्यारीत होतं’ असं विचारलं की बोलायला लागतं.

हाच प्रश्न तुमच्या विषयाला विचारून पाहू. पॅरिसच्या शांतता परिषदेने राष्ट्रसंघासाठी एक आयोग नेमला. अध्यक्ष अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन. आयोगाची पहिली बैठक 3 फेब्रुवारी 1919 ला क्रियॉं हॉटेलात झाली आणि 13 फेब्रुवारीपर्यंत दहा बैठका उरकल्या. 14 तारखेला विल्सननी मसुदा परिषदेपुढे वाचला. एवढ्या थोड्या दिवसांत सनद शून्यातून उभी राहिली नाही, हे उघड आहे. 1918 च्या मार्चमध्ये ब्रिटिशांच्या फिलिमोर समितीने एक मसुदा दिला होता. फ्रान्सची लेओं बुर्जुआंची समिती होती, विल्सन यांचे सल्लागार कर्नल हाउस यांचा आराखडा होता, विल्सन यांचे स्वतःचे एकामागून एक मसुदे होते, आणि डिसेंबर 1918 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स यांची पुस्तिका आली. शेवटी ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार सेसिल हर्स्ट आणि अमेरिकन शिष्टमंडळाचे वकील डेव्हिड हंटर मिलर यांनी मिळून एक मसुदा केला आणि आयोगाने तो पायाला घेतला.

आता हे कागद कुठे गेले ते पाहा. विल्सन यांचे वॉशिंग्टनला, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. हाउस यांचे येल विद्यापीठात. आयोगावर ब्रिटिश साम्राज्यातर्फे बसणारे लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांचे खासगी कागद ब्रिटिश लायब्ररीत. ब्रिटिश शिष्टमंडळाचा पत्रव्यवहार लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, एफओ (म्हणजे फॉरिन ऑफिस, परराष्ट्र खातं) 608 या मालिकेत. मिलरनी तर 1928 मध्ये सनदेच्या मसुद्यांवर दोन खंड छापले. दुसऱ्या खंडात निरनिराळे मसुदे आणि आयोगाच्या बैठकांची इतिवृत्तं आहेत. अमेरिकन परराष्ट्र खात्याने पॅरिस परिषदेचे तेरा खंड 1942 ते 1947 दरम्यान छापले, तेही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. परदेशी न जाता स्थापनेवर काम करायचं असेल, तर पहिले दोन महिने या छापील साधनांना द्या. जिनिव्हाकडे नंतर वळा.

छापील म्हणजे दुय्यम, असं काही मार्गदर्शक मानतात. इथे ते लागू पडत नाही. मूळ इतिवृत्त जसंच्या तसं छापलेलं असेल तर ते मूळ साधनच आहे. ते कुणी निवडलं, कुणी छापलं आणि काय गाळलं असू शकतं, याची मात्र एक ओळ प्रबंधात हवी.

इतिवृत्त कसं वाचायचं हे उदाहरणाने सांगतो. सगळ्यात जास्त घसरण तिथेच होते. 11 एप्रिल 1919 ला आयोगाच्या बैठकीत जपानचे माकिनो नोबुआकी यांनी सनदेच्या प्रस्तावनेत राष्ट्रांच्या समानतेचं तत्त्व घालण्याची सूचना मांडली. वांशिक भेदभावाविरुद्ध फेब्रुवारीपासून चाललेल्या त्यांच्या प्रयत्नाचं हे सौम्य केलेलं रूप होतं. मत घेतलं गेलं. 17 पैकी 11 मतं बाजूने पडली. जपान, फ्रान्स आणि इटलीची दोन-दोन, शिवाय ब्राझील, चीन, ग्रीस, सर्बिया आणि चेकोस्लोव्हाकिया यांचं एकेक. विल्सननी एकमत नाही म्हणून सूचना मंजूर झाली नाही असं जाहीर केलं. आता त्या मतदानाची नोंद बोट ठेवून वाचा. बाजूने कोण, ते नावानिशी कळतं. विरोधात कोण, याची तशी मोजणी मिळत नाही. म्हणून ‘सहा देशांनी विरोधात मत दिलं’ असं कुणी लिहिलं तर ते कागदावर नसलेलं आहे. सतरातून अकरा वजा करून त्यांनी ते काढलं आहे. कागदाने जे सांगितलं नाही ते आपण वजाबाकी करून त्याच्या तोंडी घालू नये.

एकाच बैठकीच्या दोन नोंदी मिळाल्या तर तुमचं नशीब. मोठ्या चौघांच्या, म्हणजे अमेरिकेचे विल्सन, फ्रान्सचे क्लेमांसो, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज आणि इटलीचे ओर्लांदो यांच्या बैठकांत हे घडलं. फ्रेंच दुभाषे पॉल मांतू 24 मार्चपासून टिपणं ठेवत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांवरून मजकूर सांगत होते. एप्रिलमध्ये सर मॉरिस हँकी चिटणीस म्हणून बसू लागले. हँकींचं इतिवृत्त सरकारी वळणाचं आहे. ‘अध्यक्षांनी असं मत मांडलं की’ असं तिऱ्हाईत भाषेत, निर्णयाकडे नजर ठेवून लिहिलेलं. मांतूंच्या टिपणांत माणसं स्वतःच्या तोंडाने बोलतात, एकमेकांना तोडतात, चिडतात. ही टिपणं छापली गेली 1955 मध्ये. तुमच्या विषयाला चौघांच्या बैठका थेट लागणार नाहीत, कारण सनद आयोगात झाली. पण एक सकाळ काढून कुठलीही एक बैठक दोघांच्या नोंदींत शेजारी ठेवून वाचा. ‘इतिवृत्त’ हा शब्द त्यानंतर तुम्ही वेगळ्या सावधपणे लिहाल.

इथवरचं एकदा उजळून घेऊ. स्थापनेचे कागद शिष्टमंडळांकडे आहेत. त्यांतला मोठा भाग छापलेला आहे. आणि प्रत्येक नोंदीच्या मागे ती लिहिणारा माणूस आणि त्याची गरज आहे.

मग जिनिव्हाचं दप्तर कशासाठी? 28 एप्रिल 1919 ला शांतता परिषदेने सनद स्वीकारली. सनदेच्या परिशिष्टातच पहिले सरचिटणीस म्हणून सर एरिक ड्रमंड यांचं नाव होतं. त्यांनी लंडनला सचिवालय उभारायला सुरुवात केली. सुरुवातीचं बिऱ्हाड संडरलँड हाउसमध्ये होतं. व्हर्सायचा तह 10 जानेवारी 1920 ला अमलात आला, 16 जानेवारीला राष्ट्रसंघाच्या मंडळाची, म्हणजे कौन्सिलची, पहिली बैठक पॅरिसला भरली, आणि 1920 च्या नोव्हेंबरात सचिवालय जिनिव्हाला हललं. पहिली साधारण सभा, म्हणजे असेंब्ली, तिथेच 15 नोव्हेंबरला सुरू झाली. म्हणजे जिनिव्हाचं दप्तर खऱ्या अर्थाने 1919 च्या मध्यापासून बोलायला लागतं. ‘संस्था कशी ठरली’ हे ते सांगत नाही. ‘ठरलेली संस्था चालू कशी झाली’ हे मात्र दुसरं कुणी इतकं सविस्तर सांगत नाही.

दप्तर मोठं आहे. लांबीने मोजलं तर जवळपास तीन किलोमीटर, पानांत सुमारे दीड कोटी. 2009 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिपटावर (मेमरी ऑफ द वर्ल्ड) घेतलं, आणि 2017 पासून पाच वर्षांत ते सगळं स्कॅन झालं. यात शब्द टाकून शोधणं म्हणजे उजनीच्या धरणात अंगठी शोधणं. नोंदणी शाखेची रचना समजून घ्या. 1919 ते 1927, 1928 ते 1932, 1933 ते 1946 असे तीन कालखंड आहेत. तुमचा पहिला. त्या काळातल्या कागदावर तिरप्या रेघांनी तोडलेले तीन आकडे दिसतील. पहिला विषयाच्या वर्गाचा, दुसरा त्या कागदाच्या नोंदीचा, तिसरा तो ज्या संचिकेत, म्हणजे फाइलीत, जोडला त्या संचिकेचा. तिसरा आकडा धरलात की त्या प्रकरणाची भावंडं एका जागी भेटतात. तुम्ही पाठवलेल्या टिपणांत हा आकडा कुठेच नाही, म्हणूनच तुम्हाला सुटे कागद दिसले, प्रकरण दिसलं नाही.

आणि फाइल उघडली की आधी पत्र वाचू नका, आधी शेरे वाचा. पत्र आल्यावर ते कुणाकुणाकडे फिरलं, कुणी काय लिहिलं, आद्याक्षरं कुणाची, तारखांत किती दिवसांचं अंतर, हे सगळं तिथे असतं. बाहेर गेलेलं उत्तर सभ्य आणि दोन ओळींचं असतं. त्या दोन ओळींवर आत काय वाद झाला ते शेऱ्यांत मिळतं. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत ज्यांनी टिपणी लिहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हिंदुस्थानच्या बाजूने गंमत आणखी वाढते. राष्ट्रसंघ चालू झाला तेव्हा हिंदुस्थान त्याचा मूळ सभासद होता, पण स्वायत्त नव्हता. नव्याने येणाऱ्यांसाठी सनदेच्या पहिल्या कलमात पूर्ण स्वशासनाची अट आहे. हिंदुस्थान त्या दाराने आलाच नाही. तहावर सही करणारा म्हणून परिशिष्टातल्या यादीत बसला. ती यादी मूळ छपाईत पाहा. ब्रिटिश साम्राज्याच्या नावाखाली कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान ही नावं समासापासून जराशी आत सरकवून छापली आहेत. आपल्या दर्जाचा अख्खा वाद त्या बोटभर मोकळ्या जागेत आहे. प्रबंधात तिचा फोटो घाला असं मी सुचवीन.

28 जून 1919 ला व्हर्सायला हिंदुस्थानतर्फे सह्या झाल्या त्या ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. शिष्टमंडळात लॉर्ड सिन्हाही होते. राष्ट्रसंघाच्या आयोगावर हिंदुस्थानला जागा नव्हती. तेव्हा हिंदुस्थानबद्दल बोललं कोण, हे ब्रिटिश शिष्टमंडळाच्या आतल्या कागदांत शोधावं लागतं. पुढे जिनिव्हाहून हिंदुस्थानला गेलेलं पत्र आधी लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये जायचं, तिथून सिमल्याला किंवा दिल्लीला. त्यामुळे एका पत्राचा माग तीन ठिकाणी लागतो. स्थळप्रत, म्हणजे पाठवणाऱ्याने ठेवून घेतलेली प्रत, जिनिव्हात, इंडिया ऑफिसचे शेरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, आणि इथल्या सरकारचं मत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दिल्लीतल्या बऱ्याच फाइली अभिलेख पटल या संकेतस्थळावर आहेत. तिथे ए, बी आणि डिपॉझिट अशी प्रोसीडिंग्जची, म्हणजे सरकारी कामकाजाच्या कागदांची, वर्गवारी दिसेल. ए म्हणजे महत्त्वाचं, छापलेलं. पण ‘के.डब्ल्यू.’, म्हणजे ‘कीप विथ’, असा शिक्का दिसला की थांबा. सोबत ठेवायच्या त्या जोडकागदांत अधिकाऱ्यांचं खरं मत असतं. गंगासिंहांची बाजू हवी असेल तर राजस्थान राज्य अभिलेखागार बिकानेरमध्येच आहे.

आता तुम्ही शेवटी जाता जाता विचारलेला प्रश्न. टिळकांचा यात संबंध येतो का? येतो, आणि मला तर तो तुमच्या प्रबंधाचा गाभा वाटतो. डिसेंबर 1918 च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी ज्यांना प्रतिनिधी निवडलं त्यांत टिळक होते. ते तेव्हा चिरोल खटल्यासाठी, म्हणजे ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी, लंडनलाच होते. पॅरिसला जायला सरकारने परवाना दिला नाही. फेब्रुवारीत खटला हरले, आणि 11 मार्च 1919 ला त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहिलं. मागणी स्वयंनिर्णयाची होती. पण युक्तिवाद राष्ट्रसंघाच्या भाषेत आहे. हिंदुस्थानला दुसऱ्याच्या भूमीची हाव नाही, तो आशियात राष्ट्रसंघाचा, शांततेचा भक्कम राखणदार होऊ शकतो, असं त्यांनी मांडलं. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने आतल्यांचीच सनद हातात धरून केलेला हा दावा आहे, आणि सनदेचा मसुदा जाहीर होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. हे पत्र वाचताना आजही मला गलबलून येतं.

पत्राचा मजकूर छापील मिळतो, तेवढ्यावर थांबू नका. विचारा, की ते पोचल्यावर काय झालं? कुणाच्या आवक नोंदीत आलं? कुणी शेरा मारला? उत्तर गेलं का? क्लेमांसोंना लिहिलेलं पत्र फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या परिषद-कागदांत शोधायचं, त्याबद्दलची ब्रिटिश कुजबुज एफओ 608 मध्ये आणि इंडिया ऑफिसच्या कागदांत, आणि टिळकांवरची मुंबई सरकारची नजर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात. एखाद्या ठिकाणी काहीच सापडलं नाही, तर तेही तारखेसह नोंदवा. ‘1 मार्च ते 30 एप्रिल 1919 ची ही नोंदवही पाहिली, त्यात उल्लेख नाही’ हे संशोधनाचं वाक्य आहे. ‘दखल घेतली गेली नाही’ हे त्यावरून लगेच लिहू नका. उल्लेख दुसऱ्या वहीत असू शकतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. फ्रेंच येत नसेल तर बुर्जुआंच्या बाजूला हात घालू नका, इंग्रजी साधनं भरपूर आहेत. दिल्लीला पंधरा दिवस राहणं परवडत असेल तर हिंदुस्थान सरकारची बाजू घ्या. परवडत नसेल तर मुंबई आणि छापील खंड यांवर टिळकांचं पत्र घेऊन प्रबंध पूर्ण उभा राहतो. आणि राजकारणापेक्षा कामगारांचा प्रश्न जवळचा वाटत असेल तर तिसरी वाटही आहे. व्हर्सायच्या तहातूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, आणि तिच्या 1919 च्या वॉशिंग्टन परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते मुंबईत काम करणारे भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी. त्यांचे कागद दिल्लीत, पूर्वीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात आहेत. या विषयावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.

एक सवय मात्र आजच लावून घ्या. मी उमेदवारीत असताना एका वाचनालयात बसून दोनेकशे कागदांची टिपणं काढली आणि फाइलींचे क्रमांक ‘नंतर टाकू’ म्हणून सोडले. नंतर ते जुळवता आले नाहीत, आणि अख्खे पंधरा दिवस तीच दप्तरं पुन्हा मागवावी लागली. कागद हातात घेतला, किंवा पडद्यावर उघडला, की पहिली ओळ क्रमांकाची. अभिलेखागार, मालिका, पेटी, संचिका, पान, आणि पाहिल्याची तारीख. त्यानंतरच मजकूर. मोबाइलने फोटो काढत असाल तर क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक फोटोत कागदाशेजारी ठेवा.

सुरुवात म्हणून या आठवड्यात एवढंच करा. सनदेच्या 26 कलमांतलं पहिलं कलम घ्या. हर्स्ट-मिलर मसुद्यात ते कसं होतं, 14 फेब्रुवारीला कसं झालं आणि 28 एप्रिलला कसं, हे तीन रकान्यांत हाताने उतरवून काढा. कुठला शब्द कधी शिरला त्याखाली रेघ मारा, आणि त्या दिवशीच्या बैठकीचं इतिवृत्त काढून वाचा. ते तीन रकाने झाले की इथेच टाका. टिळकांच्या पत्राची तारीख त्यांत कुठे बसते ते आपण मिळून पाहू.